कमी हवेची सवय

या उन्हाळ्यात पहिल्यांदाच हिमालयात, स्पितीला जायचं, हे माझ्या बायकोनं ठरवलं होतं. ती माघात वारली. तरी मी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात जाऊन बसलो. भिंतीवर स्पितीच्या उघड्या डोंगरांचा फोटो होता. आमच्या दारातला गुलमोहर काहीच न घडल्यासारखा फुलला आहे. दुःखाला त्या फोटोतलाच प्रदेश बरा, जिथे काही उगवण्याची अपेक्षाच नसते.

टेबलामागची मुलगी म्हणाली, “काका, पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं हं. कमी हवेत जगायची सवय व्हावी लागते. काकूंनाही बजावा, नाहीतर लगेच आवराआवर करत बसतील!”

“सांगतो,” मी म्हणालो.

बाहेर भरपूर वारा सुटला होता. पायरीवर उभा राहून मी श्वास घेत राहिलो, पुरत नव्हता.