दोंडाईच्याची मिरची आणि अक्कांचे हात

"भुताखेतांचं मला सांगू नका, मी थर्मोडायनॅमिक्स शिकवते!" असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत म्हणायचे. भुतांवर आजही विश्वास नाहीच. पण ही गोष्ट भुताची नाही...

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. मी जळगावला इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर, घर पिंप्राळ्यात. पीएचडीचा विषय — मिरची वाळवायचा सोलर ड्रायर. त्यासाठी दोंडाईच्याला, सासूबाईंच्या माहेरच्या गोडाऊनच्या अंगणात मी मुक्काम ठोकला होता. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. "इंजिनेर सून नि मिरच्या वाळाडस!" म्हणून नातेवाईक हसायचे. माझी लेक सांभाळून मला हक्काने धाडणाऱ्या मात्र अक्काच.

शेवटचा लॉट चालू होता. ड्रायरमधली आणि उघड्यावरची मिरची एकाच वेळी वाळवून रोज वजन करायचं. उघड्यावरचे ट्रे भिजले की सगळंच संपलं — हंगाम, माझी स्टडी लीव्ह आणि पीएचडी. आणखी मुदत मिळणार नाही, असं गाईडनी स्पष्टच सांगितलं होतं.

एका सकाळी शेजारी फोन आला — अक्का न्हाणीत पडल्या. आभाळ स्वच्छ होतं. ट्रे उन्हात ठेवले, अंगणाच्या फाटकाला कुलूप लावलं, एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकली आणि पॅसेंजर पकडली.

अक्कांच्या पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. मला बघून उलट त्याच रागावल्या.

"तू जाय माय. मन्हा पाय कोठे पळी जावाव नही. तुनी मिरची दख!"

परतीच्या गाडीत नरडाण्याला टपावर गारा तडतडायला लागल्या. डब्यात सगळ्यांसमोर रडले मी.

दोंडाईच्याला पोचले तर फाटकाचं कुलूप जसंच्या तसं. अंगणात गारांचा खच... आणि ट्रे गायब! गोडाऊनची कडी काढली. आत सगळे ट्रे नंबरवार रचलेले, वर गोणपाट. मिरची कोरडी ठणठणीत!

शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "इतल्या गारामा कोन बाहेर निंघी, माय?"

दुसऱ्या दिवशी सकाळचं वजन घेऊन पुन्हा जळगाव गाठलं. अक्का खाटेवर, दोन्ही हात ताकाच्या भांड्यात. आमचे हे म्हणाले, "काल दुपारपासून हातांची आग होतेय म्हणते. खाटेवरून हललेलीसुद्धा नाही गं."

अक्कांनी मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न — "मिरची भिजनी नही ना?"

जळगावात थेंबही पडला नव्हता. मी त्यांचे लालबुंद हात हातात घेतले, तर मलाच ठसका लागला.

"अक्का, काय झालं हो काल?"

"माले काय ठाऊक? डोळा लागना व्हता. जाग उनी ते हात जळी राह्यनात."

मी त्यांच्या तळव्यांना तूप चोळत बसले फक्त.

प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलं नाव अक्कांचं घातलं. गाईडनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "सासूबाई? यांचा संशोधनात नेमका सहभाग काय?"

"सर, पावसात ट्रे आत घेतले."

"मग बरोबर आहे," म्हणत त्यांनी सही केली. कसे घेतले, ते त्यांनी विचारलं नाही... आणि विचारलं असतं, तर मला आजही सांगता आलं नसतं.