बोगद्यातली खंडेनवमी

आमचे सर पदार्थविज्ञानातले मोठे विद्वान होते आणि माणूस म्हणून निव्वळ दगड. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ते जिवंत असते तरी मी बोलले असते.

गोष्ट सत्तर-एकाहत्तर सालची. मी कर्जतकडच्या खेड्यातली, नगरच्या कॉलेजात एम.एस्सी. होऊन तिथेच डेमॉन्स्ट्रेटर झालेली. सरांना न्यूट्रिनोचं वेड होतं. न्यूट्रिनो हा असा कण, की अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. क्वचित एखादा कुठेतरी धडकतो, तेवढीच त्याची खूण. पण ती टिपायची कशी? आभाळातून वैश्विक किरणांचा मारा सतत चालू असतो. घरात बसा नाहीतर शेतात, ते अंगातून जातच असतात, आणि त्यांच्या गलक्यात न्यूट्रिनोची खूण हरवते. म्हणून हे प्रयोग दक्षिणेतल्या एका खोल खाणीत चालायचे. तिथेही काही चिवट किरण पोचतात. त्यांच्यासाठी वर पहारेकरी बसवतात: प्लास्टिकच्या जाड पाट्या. किरण पाटीतून गेला की बारीक चमक होते आणि पाटीला जोडलेली काचेची ट्यूब ती पकडते. पहारेकऱ्याने खूण केली की समजायचं, हा वरून आलेला उपरा आहे, याची नोंद फेकून द्या.

ते पहारेकरी आम्ही तयार करत होतो. भंडारदऱ्याच्या डोंगरात अर्धवट खणून सोडून दिलेला एक बोगदा सरांनी मिळवला होता. बाहेर किती किरण सापडतात, डोंगराखाली किती, हे ताडून पाहत आम्ही पाट्यांची परीक्षा घ्यायचो. तोंडाशी पत्र्याची खोली, शेजारी भकभकणारा जनरेटर, आणि कामाला आम्ही दोघं: मी आणि माझ्याच वर्गातला एक जण. पाट्या घेऊन खाणीवर दोघांपैकी एकालाच जायचं होतं. सरांनी मला सांगितलं होतं, "तूच जाशील. तुझा हात स्थिर आहे." सरांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेलं हे एकुलतं एक चांगलं वाक्य.

घरी वडिलांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर खाणीचं पक्कं झालं तर जा, नाहीतर श्रीगोंद्याकडचं स्थळ तयार आहे. मुलगा बागाईतदार, घरची उसाची शेती, आणि बायकोने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी त्या घरची रीत. मला ते नको होतं. मला खाण हवी होती. जमिनीच्या पोटात जायची एवढी हौस दुसऱ्या कुठल्या मुलीला झाली असेल असं वाटत नाही.

ट्यूबचा नियम एकच. व्होल्टेज चालू असताना तिला उजेड दाखवायचा नाही. बारीकशी चमक पकडणारा तो डोळा. त्याच्यापुढे दिवा धरला तर तो कायमचा जातो. म्हणून तिला काळा कागद गुंडाळायचा, वर चिकटपट्टी, आणि त्यावर काळं कापड. कापडबाजारातून छत्रीचं कापड आणून मी प्रत्येक ट्यूबला बाळाचं शिवतात तसं टोपडं शिवलं होतं.

आणि मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. जनरेटरला झेंडूचा हार मीच घातला, त्यात माझी हरकत नव्हती. पण सरांनी संस्थेच्या अध्यक्षांना पूजेला बोलावलं होतं. पुढच्या वर्षीचं अनुदान त्यांच्या हातात होतं. अध्यक्ष जीपमधून आले, बरोबर आठ-दहा माणसं, नारळ, निरांजन. बोगद्यात अंधार म्हणून माझ्या सोबत्याने पेट्रोमॅक्स पेटवून आणली.

अध्यक्षांनी पाटीभोवती एक चक्कर मारली. "सर, ह्याला त्वांडच न्हाई वो. कुकू लावू कुठं?"

सर हसले. मला म्हणाले, "ते टोपडं काढ."

"सर, व्होल्टेज चालू आहे. आधी बंद करते."

"बंद यंत्राची पूजा करतात का? साहेबांना आकडे पळताना दिसले पाहिजेत."

"सर, ट्यूब जाईल."

"तू मला शिकवू नकोस."

एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने टोपडं ओढलं आणि काळा कागद टराटरा फाडला. सोबत्याने पेट्रोमॅक्स जवळ धरली. अध्यक्षांनी काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि निरांजन ओवाळलं. मोजणी यंत्रावरचे लाल आकडे पिसाटासारखे धावायला लागले.

"द्येव पावला वो, सर! बगा की कसं पळतंय!" अध्यक्ष ओरडले. माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत आकडेही थांबले. मी व्होल्टेज बंद केलं, ट्यूब पुन्हा झाकली, थांबून परत चालू केलं. आकडा हलला नाही. ट्यूब परदेशातून मागवलेली होती, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत मेली होती.

खंडेनवमीला, ऐन पूजेत यंत्र बंद पडलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "खरं सांग. तुला कावळा शिवलाय का?"

मी बाजूला बसायच्या दिवसांत तर इथे आले नाही ना, हे त्यांना विचारायचं होतं. आठ-दहा पुरुषांसमोर. मी "नाही" म्हणाले, ते कुणी ऐकूनच घेतलं नाही.

"आरारारा," अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. "पोरीबाळीस्नी हितं आनायचंच कशाला?"

मी सोबत्याकडे पाहिलं. त्याने सगळं पाहिलं होतं, व्होल्टेजचा नियम त्याला तोंडपाठ होता. तो खाली बसला आणि पेट्रोमॅक्सला पंप मारू लागला. ती चांगली जळत होती.

एक आकडा दहादा मोजल्याशिवाय न मानणाऱ्या सरांना माझ्या बाबतीत एकही पुरावा लागला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. वर कुणीतरी वाडीतून गोमूत्र आणलं, ते आमच्या डॉक्टरेट झालेल्या सरांनी स्वतः बोगद्यात शिंपडलं. परतताना मला जीपमध्ये घेतलं नाही. मी एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि वाटभर सरांना शिव्या घातल्या. येत होत्या तेवढ्या सगळ्या.

खाणीवर सोबती गेला. सरांनी मला खोलीत बोलावून घेतलं. "ट्यूब कशाने गेली ते तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण साहेबांपुढे मला काहीतरी बोलणं भाग होतं. प्रयोग टिकायचा तर काही गोष्टी टाकून द्याव्या लागतात. एवढं मनाला लावून घेऊ नकोस." मग त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

मी राजीनामा देऊन घरी आले. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी श्रीगोंद्याला होकार धाडला. ओसरीवर आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, मी शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. ट्यूब काय असते, उजेड तिला का सोसत नाही, कागद कुणी फाडला, दिवा कुणी धरला. आई शाळेत गेली नव्हती, म्हणून मी सोपं करून, सावकाश, दोनदा सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मला वाटलं, जगात एकीला तरी पटलं.

आईने वडील आसपास नाहीत ना हे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पर माज्यापाशी खरं सांग. बाजूला बसायची हुतीस का गं तू तवा?"

"न्हवते, आई."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती खरंच विचारात पडली होती.

"मंग असं कसं झालं गं?"