चंद्री आणि आक्काताई

पुराच्या ड्यूटीचा हुकूम आला तेव्हा आमची होमगार्डची महिला तुकडी कोल्हापुरात मैदानावर परेड करत होती. कमांडरबाईंनी 'विश्राम' दिला आणि म्हणाल्या, "नदीकाठचं एक गाव पाण्यात हाय. मिल्ट्रीची बोट गेलीया, पण बायका अनोळखी जवानांच्या हाताला हात द्यायला तयार न्हाईत. दोघी पायजेत."

मी हात वर केला. शेजारी आक्काताईने केला.

आम्ही पक्के सैनिक नव्हे. पण खाकी होती, शिट्टी होती, हुकूम होता. मी चौथी शिकलेली, ख्रिस्ती. आक्काताई गारगोटीकडची, शेतकऱ्याच्या घरची. आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस भेटलं की सलाम म्हणतात. पहिल्या दिवशी मी तिला सलाम केला, तर म्हणाली, "मी काय कलेक्टर हाय व्हय?" तेव्हापासून रोज कपाळाला हात लावून मला चिडवायची. "सलाम, मेरी."

"माझं नाव मार्था."

"तुमच्यात समद्या मेरीच की."

ड्यूटीवर निघण्याआधी मी डोळे मिटून प्रार्थना करायची. ती माझी काठी धरून उभी राहायची. एकदा तिची म्हैस आजारी पडली. तेव्हा म्हणाली, "तुझ्या देवाला चंद्रीचं सांग. आमच्या देवाला सांगून झालंय." मी सांगितलं. म्हैस उठली. मग रोजचंच झालं. "चंद्रीचं नाव घेतलंस? आता माझं घे." आमचे पाळक म्हणायचे, एकमेकांचा भार उचला. त्याचा अर्थ मला चर्चमध्ये कमी आणि आक्काताईबरोबर जास्त कळला.

त्या गावात दूध संस्थेच्या गच्चीवर माणसं अडकली होती. आम्ही गच्चीवर उभ्या राहून बायकांना बोटीत उतरवत होतो. तिसऱ्या फेरीला एक थकलेली म्हातारी, आक्काताई आणि मी एवढ्याच उरलो. बोट आधीच भरत आली होती. बोटीवरचा मिल्ट्रीचा हवालदार म्हणाला, "दो और. बस."

म्हातारीला एकटीला बसता येत नव्हतं. कोणीतरी तिला धरून बसायला हवं होतं.

"तू जा," मी म्हणाले.

"तुझे हात दांडगे हाईत. तू धर तिला." आक्काताईने म्हातारी माझ्या अंगावर दिली. "म्हातारे, घाबरू नगंस. ही मेरी हाय, देवाच्या वळखीची."

बोट सुटली. तिने गच्चीवरून कपाळाला हात लावला. मी म्हातारीला दोन्ही हातांनी धरलं होतं. मला सलाम करता आला नाही. मान हलवली.

म्हातारीला काठावर उतरवून आम्ही परत वळलो. वाटेतच वायरलेस वाजला. "इमारत बसली. एक होमगार्ड मिसिंग. ओव्हर." हवालदाराने माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

पाणी उतरल्यावर ती उसाच्या फडात सापडली. शिट्टी गळ्यातच होती.

त्यानंतर मी चर्चला जाणं बंद केलं. देवाला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाळक दोनदा घरी येऊन गेले. मी नुसता चहा दिला.

मग एका रविवारी सकाळी आक्काताईचा नवरा दारात आला. डोक्यावर टोपी, हातात दुधाची किटली.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुमच्या देवळात. तिचं नाव तुम्ही रोज घेत हुता न्हवं? का सोडलं?"

"ती गेली दादा."

"मग काय झालं? मी बी रोज दिवा लावतोय की. एकट्याच्यानं हुईना, म्हणून आलोय."

मी पदर सारखा केला आणि निघाले. त्याने चपला चर्चच्या पायरीखाली काढल्या आणि मागच्या बाकावर माझ्याजवळ बसला. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा मी उभी राहून आक्काताईचं नाव मोठ्याने घेतलं. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. टोपी मांडीवर धरून तोही म्हणाला, जरा उशिराने.

आता मी म्हातारी झाले. खाकी कधीच जमा केली. दर पावसाळ्यात तिच्या गावी जाते. तिच्या फोटोला घरचे हार घालतात. मी समोर सावधान उभी राहते आणि राहिलेला सलाम करते. घरातली पोरं म्हणतात, "मेरीआत्या आली." मी दुरुस्त करत नाही.

चंद्री मरूनही बरीच वर्षं झाली. तरी प्रार्थनेत आधी तिचं नाव घेते, मग आक्काताईचं. क्रम तिनेच लावून दिलेला आहे.