भरलेला पेला

सीवूड्समध्ये आमची ख्रिस्ती मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला भरते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पावाचे बारीक तुकडे आणि बोटभर उंचीच्या पेल्यांत द्राक्षरस. पाव म्हणजे ख्रिस्ताचं आमच्यासाठी मोडलेलं शरीर, रस म्हणजे त्याचं रक्त. आपल्या वाट्याचं मरण त्याने आपणहून पत्करलं, हे कबूल करून खायचं आणि प्यायचं. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि ट्रे फिरवायचं काम माझ्याकडे आलं. रांग सरळ, चाल एकसारखी, लोक खूश. फिरवणाऱ्याने सगळ्यांत शेवटी घ्यायचं असतं. मी अकरा वर्षं घेतलं नव्हतं. वाढप्याच्या ताटात कोण बघतो?

कारण एका पोस्टवरचं आहे. उत्तरेकडची बर्फातली पोस्ट, मी तेव्हा हवालदार. रोज सकाळी सहाला चार जणांचं पॅट्रोल शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन परत यायचं. स्टोव्ह पेटवणं, चहा, कमरेला दोर बांधणं, निघणं. रोज तेच. त्या रविवारी पॅट्रोल न्यायची पाळी माझी होती. पोस्टवर ख्रिस्ती दोघेच, मी आणि रेडिओ ऑपरेटर. प्रभुभोजन देणारे पाळक वर येणं शक्य नव्हतं. आम्ही रेशनच्या मनुका भिजवून रस केला होता, पावाऐवजी शक्करपारे घेतले होते. प्रभुभोजन पॅट्रोलहून आल्यावर करायचं ठरलं होतं.

नाईक हरेश कोळी उरणजवळच्या मोऱ्याचा. त्याने मनुका बघितल्या.

“उस्ताद, तुमचा देवाचा काम हाय ना आज? पॅट्रोल मी नेतंय.”

“आल्यावर करू.”

“तवर मनुका मीच खाईन. बसा तुमी.”

पोस्ट कमांडरने परवानगी दिली. सहाला ते निघाले.

सहा पस्तीसला रेडिओ वाजला. “पोस्ट, पॅट्रोल. दुसऱ्या वळणावर. ऑल ओके. ओव्हर.”

“रॉजर,” ऑपरेटर म्हणाला. मग आम्ही प्रार्थना सुरू केली. शक्करपारा खाऊन झाला. रसाचा मग माझ्या हातात होता, तेव्हा डोंगरावरून आवाज आला. सहा बेचाळीस.

“पॅट्रोल, पोस्ट. ओव्हर.”

तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. रसाने भरलेला मग तसाच खाली ठेवला आणि फावडं उचललं.

अ‍ॅव्हलांचच्या कोसळलेल्या बर्फाखालून तिघे जिवंत निघाले. हरेश दोरावर सगळ्यांत पुढे होता. तो दुपारी एक चाळीसला सापडला. ती जागा माझी होती.

दर वर्षी त्या तारखेला मी मोऱ्याला जातो. पाळी बदलल्याचं हरेशच्या आईला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ती त्याच्या नावाने स्वयंपाक करते. मी पाणी प्यायचो, जेवून आलोय म्हणायचो आणि निघायचो. यंदा तिने दारातच अडवलं.

“येवरी वरसा येतंस न पानी पिऊन पलतंस. काय रं?”

“आई, घास उतरत नाही. तो माझ्या जागी गेला.”

“ठाव हाय मना. माजे पोरान तुजेसाठी जीव दिला, न तू उपाशी? मंग तो गेला कशाला?”

मी बसलो. तांदळाची भाकर आणि बोंबलाचं कालवण होतं. पहिल्या घासाला रडलो. तिने दुसरी भाकर वाढली.

येताना स्कूटरवर विचार करत होतो. हरेशला मी ख्रिस्त म्हणत नाही. म्हटलं असतं तर आधी तोच हसला असता. पुढे काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ख्रिस्ताला ठाऊक होतं, तरी तो गेला. माझी चूक मात्र दोन्हीकडे एकच होती. मी लायक नाही म्हणून दिलेलं परत करत राहिलो, आणि त्याला नम्रता समजलो.

पुढच्या महिन्यात ट्रे फिरवून टेबलाशी आणला. पाळक हळू आवाजात म्हणाले, “सुभेदारसाहेब, दर वेळी एक पेला भरलेला परत येतो. मी कधी विचारलं नाही.”

“आज येणार नाही.”

पिण्याआधी क्षणभर शांत राहून आठवण करायची असते. मी दोन नावं घेतली. एक हॉलमधल्या सगळ्यांच्या ओठांवर होतं. दुसरं नाईक हरेश कोळी, राहणार मोरा.