परक्याचं दुखणं

ऑफिस सुटताना वॉचमननं सांगायच्या आधीच भोईरकाका पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे. "बघ बाबा, काय न्हेत न्हाय." कामतघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशातले डॉक्टर आपल्या पेशंटबद्दल बोलून ठेवत, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि इंग्रजीत टाईप करायचं. तिथल्या माणसांची खासगी माहिती, म्हणून नियम कडक. कागद-पेन आत नाही, मोबाइल बाहेर, पेशंटचं नाव ऑफिसबाहेर उच्चारायचं नाही. खालच्या मागांच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू गेलं असतं कोण जाणे!

काका पूर्वी कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. पन्नाशी उलटलेली, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेलार गावात एकटेच राहायचे. त्यांच्या फायली मी तपासायचे. घाई केली की म्हणायचे, "परक्याचं दुखनं हाय पोरी, नीट ऐक."

एका म्हाताऱ्या बाईंची फाईल दर महिन्याला यायची. ती काका दुसऱ्या कुणाला घेऊ देत नसत. हृदयाचा आजार. शेवटी डॉक्टर न चुकता सांगायचे, पेशंट एकटी राहते, आजही एकटीच आली होती. तेवढं वाक्य काका पुन्हा पुन्हा ऐकायचे. "तिला जिना चढवत न्हाय आता," डबा खाताना मला सांगायचे, नाव न घेता.

मग एका महिन्यात फाईल आलीच नाही. त्याच डॉक्टरांच्या दुसऱ्या फाईलखाली काकांनी एक ओळ लिहिली : त्या बाई या महिन्यात आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना? ती ओळ तिकडे पोचली असती तर काकांची नोकरी गेली असती. मी ती पुसून टाकली. काकांना वाटलं, मी ती जाऊ दिली. रोज विचारायचे, "काय जबाब आला का?" "नाही काका," म्हणताना मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

पुढं तिकडचा कायदा बदलला. पेशंटची माहिती देशाबाहेर पाठवायची नाही. आठवडाभरात आमचं काम बंद. बाकीचे नोकरी गेली म्हणून हवालदिल झाले होते. काका म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. घरातली गोष्ट बाहेर कशाला? पन आता ती हाय का न्हाय, मना कलायचं न्हाय." त्या दिवशी वॉचमन जागेवर नव्हता. काकांनी तरीही खिसे उलटे केले आणि ते तसेच लोंबत ठेवून जिना उतरले.

मला ठाण्यात नोकरी लागली. एकदा अंबाडीला गेले असताना तोच वॉचमन भेटला. "भोईर तो गुजर गया, मॅडम. चार महिना हुआ. दो दिन किसी को पता भी नहीं चला."

माझ्या घरापासून शेलार रिक्षाच्या अंतरावर. त्या बाईंची एका महिन्याची फाईल चुकली, तर काका कासावीस झाले होते. काका जाऊन चार महिने झाले, आणि ते बरे आहेत ना, एवढंसुद्धा मी कुणाला विचारलं नव्हतं. मला तर कुठल्या कायद्यानं अडवलं नव्हतं.