ताट वेगळं, अंथरूण तेच

लताबाई इगतपुरीजवळच्या आमच्या गावच्या आशाताई. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स. त्यांचा आवाज चढला की शेजारी दारं लावून घेतात. त्या दिवशी चढला तेव्हा माझंही डोकं फिरलेलं होतं.

निकिता (नाव बदललंय) पाच महिन्यांची गरोदर. तिच्या रक्तात सिफिलिस निघाला. दर आठवड्याला पेनिसिलिनची एक सुई, अशा तीन. उपचार झाला नाही तर बाळ पोटातच दगावू शकतं. हा आजार तिला दिला नवऱ्याने, टेम्पो चालवणाऱ्या रविराजने. वर्षापूर्वी त्याला गुप्तांगावर जखम झाली होती, दुखली नाही, आपोआप भरली. जखम भरते, आजार अंगात राहतो, हे तो निकिताला सोडायला आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला दोनदा समजावलं. स्वतःच्या तपासणीला मात्र गडी फिरकला नाही. वर घरी जाऊन आईला सांगितलं, सुनेच्या रक्तात दोष निघालाय. निर्लज्जपणाची हद्द!

सासू कुसाबाईंनी लगेच सुनेचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, कपडेही सगळ्यांदेखत वेगळे धुवायला लावले. झोपायला मात्र नवऱ्याशेजारीच.

दुसरी सुई झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. निकिताने आधीच सांगून ठेवलं होतं, सगळं उघड बोला.

"मावशी, ताटानं नाय पसरत हा रोग," लताबाई कडाडल्या. "नवरा-बायकोच्या संबंधातनं पसरतो, आईकडून पोटातल्या पोराला जातो. हिनं सुया घ्यायच्या आन् यानं परत रोग द्यायचा, असं किती दिवस? दोघांचा इलाज संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत जवळ यायचं नाय. बाहेर कुठं जात असशील तर निरोध वापर, रविराज."

"गावात काय तोंड दाखवू?" रविराज पुटपुटला.

"दोष माझ्या माथी मारून माझं तोंड दाखवलंच की तुम्ही गावाला," निकिता म्हणाली. आत जाऊन तिने आपली वाकळ काखेत घेतली. "आई, तुमच्या लेकाचा इलाज संपेस्तोवर मी लताताईंकडं निजणार. पोर माझ्या पोटात हाय."



तिसऱ्या दिवशी रविराज दवाखान्यात हजर झाला. बायकोसाठी नाही, बाळासाठीही नाही. सून लताबाईंकडे का झोपते, हे गल्ली विचारायला लागली म्हणून.