कार्डाशिवाय आत शिरण्याचे मार्ग

मी फारसं बोलत नाही, अशी घरात तक्रार आहे. मोजणी खात्यात सव्वीस वर्षं काढली. दोन भावांच्या हद्दीवर साखळी धरून उभं राहिलं की माणूस गप्प राहायला शिकतो, कारण तोंडातून निघालेला शब्द दोघंही आपापल्या बाजूला ओढतात. त्यामुळं हे सांगायलाही मला अकरा आठवडे लागले. मी माझ्या मुलीचं कार्ड वापरलं आणि तिला खोटं सांगितलं.

कार्ड गेममधलं होतं. हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मुलगी बंगळुरूला नोकरीला असते. आमचं फोनवरचं बोलणं दीड मिनिटाचं. "जेवलीस का?" "हो." "पाऊस?" "नाही." "बरं, आईला देतो." दिवाळीला आली तेव्हा तिनं आपला जुना कॉम्प्युटर औरंगाबादच्या आमच्या मुकुंदवाडीतल्या घरात, शिलाई मशीनशेजारी मांडला आणि म्हणाली, "पप्पा, बसा. बोलता येत नाही ना, मग खेळू तरी." उस्मानपुऱ्यातून हेडफोन आणला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते आठ, ती तिथून आणि मी इथून. खेळता खेळता ती ऑफिसातल्या मॅडमबद्दल सांगायची, घरमालकाच्या कुत्र्याबद्दल सांगायची आणि मधेच "पप्पा, डावीकडं, डावीकडं!" म्हणून किंचाळायची. शाळेत होती तेव्हासुद्धा ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. मी तिच्याशी बोललो नव्हतो, असं म्हणणं जास्त खरं.

खेळ असा. एका ओसाड धरणाच्या आवारात उतरायचं, सापडेल ते पिशवीत भरायचं आणि पंचवीस मिनिटांच्या आत ठरलेल्या वाटेनं जिवंत बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर माल तुमचा. मेलात किंवा वेळ संपली, तर सोबतचं सगळं गेलं; पुढच्या डावाला आवार पुन्हा जसंच्या तसं. दुसरे खेळाडूही तिथं हिंडत असतात आणि त्यांचा डोळा आपल्या पिशवीवर असतो. धरणाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक पोलादी दार आहे. सगळ्यात भारी माल त्याच्या मागं. दार कार्डानं उघडतं, आणि एक कार्ड एकदाच चालतं.

ते कार्ड मुलीला दीड महिन्यानं सापडलं. ती अशी ओरडली की माझ्या हेडफोनमधला आवाज ऐकून ही स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली.

"रविवारी दोघं मिळून जाऊ," मुलगी म्हणाली. "तोवर तुमच्याकडं ठेवा. तुम्ही काही हरवत नाही." आणि तिनं गेममध्येच कार्ड माझ्या हवाली केलं.

मोठ्या मोजणीच्या आधी जागा एकदा नजरेखालून घालायची, ही आमच्या कामाची रीत. शनिवारी मला सुट्टी होती, ही करमाडला माहेरी गेली होती. म्हटलं, दार बघून येऊ. नुसतं बघून. वाट कशी आहे, वेळ किती लागतो. नुसतं बघायचं होतं तर कार्ड सोबत कशाला नेलं, असं हिनं नंतर विचारलं. दारापाशी पोचलो आणि मनात आलं, कार्ड याच दाराचं आहे ना? उद्या पोरगी हौसेनं येणार आणि कार्ड भलत्याच दाराचं निघालं तर? खात्री करावी म्हणून लावून बघितलं.

याच दाराचं होतं.

तरीही निभावलं असतं. भराभर पिशवी भरून पळालो असतो तर रविवारी तिच्यापुढं सगळा ढीग ठेवता आला असता. पण मी आधी पंचनामा केला. बंद जागेत शिरल्यावर वस्तूला हात लावण्यापूर्वी कागद करायचा, हे हाडात मुरलंय. वहीचं पान घेतलं, दिशा ठरवल्या, खोलीची लांबी पावलांनी मोजली. 'पूर्वेकडील भिंतीस लोखंडी कपाटे तीन, पैकी दोन रिकामी. नैऋत्य कोपऱ्यात जमिनीलगत जाळी, जाळीमागे लहान तिजोरी एक.' चतुःसीमा लिहिल्या. सह्यांना पंच मिळाले नाहीत, तेवढंच राहिलं. खाली तारीख टाकून मान वर केली तर स्क्रीन काळी. वेळ संपली होती.

रविवारी सातला मुलगी म्हणाली, "पप्पा, कार्ड काढा!"

"अगं, ते दिसेना. काल ते अपडेट का काय आलं ना, त्यात गेलं असंल."

शेतमालकांची खोटी बोलणी पकडण्यात माझा हातखंडा आहे. माझं स्वतःचं खोटं मात्र पहिल्या फटक्यात पचलं. मुलीनं गेमच्या कंपनीला तक्रार लिहिली आणि मला मराठीत सांगत वाचून दाखवली. त्यात एक वाक्य होतं : माझे वडील सरकारी मोजणीदार आहेत आणि त्यांच्या हातून आजवर एकही वस्तू हरवलेली नाही. कंपनीनं नम्रपणे कळवलं की चौकशी सुरू आहे. खात्यातल्या चौकशीला मी कधी घाबरलो नव्हतो. या चौकशीला घाबरलो.

घरात पंचनाम्याचं ते पान हिच्या हाती लागलं. "हे कुठल्या गावचं काम वो? धरणात तिजोरी?"

सांगितलं सगळं.

"मग पोरीला सांगा की."

"सांगितलं तर खेळणं बंद करंल ती."

"करू द्या. पन्नाशी उलटली, खेळ सुटला म्हणून रडताय व्हय?"

"खेळाचं नाय गं."

एवढंच बोलता आलं. तिनं माझ्याकडं बघितलं, पान घडी करून परत वहीत ठेवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मुलगी तर आणखीच चेकाळली. "कार्ड नाही ना, मग बिनकार्डाचं शिरू!" तिथून पुढं रोजचा तास त्यातच जायचा. जिन्यावरच्या खिडकीची काच फोडली, तर आत गज. मग ठरलं, दाराशी दबा धरून बसायचं आणि कुणी कार्डवाला आला की त्याच्यामागून घुसायचं. चार दिवस कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी आला एक. या खेळात जवळच्या माणसाला आपला आवाज ऐकू जातो, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी कचेरीच्या सवयीनं बोलून गेलो, "नमस्कार साहेब, आमचंही आत जरा काम होतं."

तो जागच्या जागी थबकला. "अरे, कोन बोल रा? औरंगाबाद के हो क्या, चचा?"

"हौ."

"अपनेच गाँव के निकले! मेरे को मारना नै हां, चचा."

"नै मारते."

मग त्यानं मला मारलं. पाठोपाठ मुलीला.

"पप्पा," ती हसून हसून बेजार झाली होती, "तुम्ही शत्रूला नमस्कार केला!" तो किस्सा तिनं तिच्या सगळ्या ऑफिसात सांगितला. मी आनंदात होतो, आणि तो आनंद चोरीचा होता.

शेवटी मोजणीच कामाला आली. इमारत बाहेरून पावलांनी मोजली : चौतीस. आत जिना आणि व्हरांडा मिळून अठरा, खोली अकरा. पाच पावलं कुठं गेली? खोलीची अकरा पावलं मी कधी मोजली, हे मुलीनं विचारलं नाही. ती ओरडली, "पप्पा, भिंतीमागं पोकळी आहे!" गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं एक झाकण सापडलं. त्याखाली अरुंद बोळ. उतरलो, सरपटलो, पत्रा फोडला आणि रिकाम्या कपाटाच्या पाठीतून थेट खोलीत.

"पप्पाऽऽ! आलो आत!"

चार मिनिटं उरली होती. या खेपेला वेळ दवडायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हणालो, "कपाटांच्या नादी लागू नको, दोन रिकामीच आहेत. कोपऱ्यातली जाळी काढ, मागं तिजोरी आहे."

तिनं जाळी काढली. मागं तिजोरी होती.

"पप्पा."

"हं."

"तुम्हाला कसं माहीत?"

मोजणीवरून अंदाज बांधला, हे वाक्य तोंडाशी आलं होतं. तिला पटलंही असतं. पण मला ते नको झालं. शनिवार सांगितला, कार्ड सांगितलं, कागद सांगितला.

"पंचनामा?"

"हो."

"गेममध्ये?"

"हो."

"चतुःसीमा टाकून?"

"हो."

तिनं मला गोळी घातली.

मेल्यावर जोडीदाराच्या डोळ्यांनी पुढचं बघता येतं. तिनं तिजोरी रिकामी केली, माझ्या अंगावरची पिशवीही काढून घेतली आणि बाहेर पडली.

चार दिवस ती आली नाही. मी सातला हेडफोन लावून बसायचो. ही चहा आणून ठेवायची, आठला कप उचलून न्यायची. पाचव्या दिवशी साधा फोन आला.

"कंपनीला काय काय लिहिलं होतं मी तुमच्याबद्दल. आता तक्रार मागं घेतली. वस्तू वडिलांनीच वापरली असं लिहावं लागलं."

"चुकलं माझं."

"सांगितलं का नाही तेव्हाच?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."



"नसते आले," ती म्हणाली. "चार दिवस. मग आलेच असते की. आता आले ना?"

तिनं शिक्षा सुनावली : महिनाभर मी दाराबाहेर पहारा करायचा, खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी मान हलवली. ते फोनवर दिसत नाही, म्हणून "हो" म्हणालो.

आता रोज सातला ती बोळातून आत जाते, आणि मी व्हरांड्यात बंदूक घेऊन उभा. आतून ती मॅडमबद्दल सांगते, कुत्र्याला पिल्लं झाल्याचं सांगते, आणि मधेच काय सापडलं ते मला मुद्दाम जळवायला सांगते. काल ही पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातून ओरडली, "घेतलं का हो खोलीत?"

"नाय अजून."

"मग काय करताय?"

"उभाय," मी म्हणालो. "थांब जरा, ती बोलतीय."